भाड्याची पावती

माझ्या बाबांनी ३१ वर्षं लोकांना तिकिटं फाडून दिली. एसटीत कंडक्टर, मालवण डेपो. तिकिटांचा ट्रे काखेत, पंच बोटांत, पेन्सिल कानामागे. सुट्ट्या पैशांचा हिशेब लागेपर्यंत घंटी न मारणारा माणूस. वेबिलात चार आण्यांचा फरक आला तर रात्री जेवण जायचं नाही त्यांना. "पैसो घेतलो की कागद देवक होयो," हे त्यांचं तत्त्वज्ञान, एवढंच आणि पुरेसं. या माणसाने ४७ वर्षं घरभाडं भरलं. त्याची एकही पावती आमच्याकडे नाही.

घर मालवणात, मेढ्यात. जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, पुढे खळं, खळ्यात वृंदावन, मागे बाव. समोरच्या भागात माई राहायच्या, मालकांच्या थोरल्या सूनबाई, लग्नानंतर अकरा वर्षांनी विधवा झालेल्या. मागची एक खोली आणि मागली पडवी आमची. पडवीच्या एका टोकाला आईची चूल, नंतर स्टोव्ह, नंतर गॅस. १९७५ साली बाबा आईला घेऊन तिथे आले तेव्हा भाडं २० रुपये होतं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा १२००. सात तारखेला पगार झाला की बाबा नोटा घडी करून माईंच्या हातात द्यायचे आणि माई त्या बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकायच्या. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज झाला की महिन्याचा व्यवहार संपला.

आमच्याकडे सगळे आम्हाला 'बिऱ्हाडकरू' म्हणत. शब्द मला लहानपणी आवडायचा. भाडेकरू म्हटलं की पैसा आधी येतो, बिऱ्हाड म्हटलं की भांडीकुंडी, पोरंबाळं, लोणच्याची बरणी, सगळं येतं.

कोकणातल्या मालकाला बिऱ्हाडकरू का हवा असायचा, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला चटकन कळत नाही. वीस रुपयांनी मालकाचं काय होणार होतं? माईंचे दीर, जाऊ, पुतणे सगळे मुंबईला. आणि कोकणात घर बंद ठेवलं की घर मरतं. दोन पावसाळे पुरतात. वाळवी वाशात शिरते, एक कौल सरकतं, त्यातून पाणी, पाण्याने भिंतीला पोट येतं, मग एका रात्री माजघर खाली. अशी घरं आजही प्रत्येक वाडीत दोन-चार दिसतील, सातबाऱ्यावर चाळीस नावं आणि छपरावर एक वड. म्हणून घरात माणूस हवा, केर काढणारा, शाकारणीच्या वेळी गड्याला हाक मारणारा. माईंनी पहिल्याच दिवशी आईला सांगितलं होतं, "तिन्हीसांजेक दिवो लागाक होयो. बाकी काय तां मी बघतंय." माई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होत्या तेव्हा वृंदावनापुढचा दिवा आईच लावायची. आमचं खरं भाडं तेच होतं, असं मला आता वाटतं. वीस रुपये वरचे.

आणि कागद का नाही, त्याचंही कारण कोकणातलंच आहे. १ एप्रिल १९५७. कृषक दिन. कसेल त्याची जमीन. त्या एका तारखेने खोतांच्या, सावकारांच्या, कितीतरी साध्या ब्राह्मण-मराठा कुटुंबांच्या जमिनी कुळांच्या नावावर गेल्या. त्याआधी १९४९ साली खोती रद्द झालीच होती, आणि त्याच्याही आधी १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं होतं. जे झालं ते न्यायाचं झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मालकांच्या घराघरांत त्यातून एक भीती मुरली, ती दोन पिढ्या गेली नाही. लिहून दिलंस की कूळ लागतं. कायदा शेतजमिनीचा, आमची तर एक खोली आणि पडवी, पण भीती कुठे कलमं वाचून येते? त्यामुळे कोणीच कोणाला काही लिहून देत नसे. तोंडी बोली, वर घरोबा. एकदा, मी आठवी-नववीत असेन, बाबांनी सहज विचारलं होतं, डेपोत घरभाडे भत्त्यासाठी काही लागत होतं म्हणून. माई हसल्या. "पावती कित्याक होयी? तुमी काय भाड्यान रवतास? तुमी आमचीच मा."

बाबा पुन्हा कधी बोलले नाहीत. 'आमचीच' म्हटल्यावर पुढे काय बोलणार? मालकाने दटावलं असतं तर भांडता आलं असतं.

गणपतीत चाकरमानी यायचे. लालबागचे काका म्हणजे माईंचे दीर, काकी, त्यांची तीन मुलं, गिरगावची आत्ते. घर भरून जायचं. तेव्हा आम्ही आमची खोली रिकामी करून द्यायचो आणि सात दिवस पडवीत झोपायचो. आई गणपतीची भिंत रंगवायची, बाबा गणपतीवरच्या माटवीला बांधायला कवंडळं, हरणं असली रानफळं-फुलं आणायचे. भाडं भरून आपलीच खोली दुसऱ्याला द्यायची, यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही. मला तर मजाच वाटायची. लालबागचा दादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. तो खळ्यात खुर्ची टाकून मुंबईच्या गोष्टी सांगायचा. त्यांची खोली दहा बाय बारा, सार्वजनिक नळ, संडासाला रांग. "तुमचं बरंय गं, एवढं मोठं घर," म्हणायचा. घर त्याचं, राहत आम्ही होतो, आणि हेवा तो करत होता!

दादाच्या वडिलांनी गिरणीत उमेद घालवली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुष्कळसे पुन्हा आत गेलेच नाहीत. त्यातले कितीतरी आमच्याच बाजूचे. गिरणगावात त्यांची खोली टिकली ती भाडेनियंत्रण कायद्यामुळे. १९४७ चा कायदा, भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलेलं. घरमालकाला महिन्याला चहापाण्याचे पैसे मिळणार, मग तो दुरुस्ती कशाला करतोय? इमारती इतक्या खिळखिळ्या झाल्या की १९६९ मध्ये सरकारला उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. पण छप्पर डोक्यावर राहिलं. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली, भोंग्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, आणि चाळींच्या खाली बिल्डरांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. तेव्हा चाळकऱ्यांच्या हातात एकच हत्यार होतं. भाडेपावती.

हे मला नंतर कळलं. तेव्हा आमच्याकडे वेगळंच चाललं होतं.

१९९७ ला सिंधुदुर्ग 'पर्यटन जिल्हा' झाला. लोक हसले. बोर्डावर लिहून पर्यटक येतात का? पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि कुडाळला उतरून माणसं यायला लागली. आधी तारकर्ली, मग वायरी, दांडी, चिवला. स्कूबा आलं. २०२१ मध्ये चिपीला विमान उतरलं. मालवणात मे महिन्यात आणि डिसेंबरात भरड नाक्यावर गाडी हलत नाही अशी वेळ आली. किल्ल्याच्या होडीला रांग, मासळीच्या थाळीला रांग. मी याला नावं ठेवणार नाही. रापणीवर पोट भरेनासं झालेल्या दांडीच्या कितीतरी घरांनी स्वतःच्याच दोन खोल्या रंगवून न्याहारी-निवास सुरू केलं आणि पोरांना शिकवलं. त्यांच्या हक्काचं घर, त्यांच्या हातचं तिखलं, त्यांचा पैसा. यात वाईट काय आहे?

पण गावात आमच्यासारखेही होते. बदलीवर आलेले मास्तर, बँकेतले क्लार्क, बाजारपेठेत जिन्याखाली मशीन टाकून बसलेला शिंपी, वायरमन, नर्सबाई. ज्यांचं मालवणात सगळं होतं, फक्त सातबारा नव्हता. ज्या खोलीचं महिन्याला तीन हजार भाडं, तीच खोली शनिवार-रविवारी तीन हजारांना जायला लागल्यावर मालकाने काय करावं? माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेला ऑक्टोबर ते मे खोली नाही, पावसाळ्यात हवी तर राहा, असं सांगितलं होतं. पावसाळ्यात! होड्या बंद, मासेमारी बंद, गिऱ्हाईक नाही, तेव्हा मास्तरणीला जागा. ती आता कसालहून एसटीने येऊन-जाऊन करते.

रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना यासाठी एक शब्द काढला, जेन्ट्रिफिकेशन. कामगारांच्या वस्तीत मध्यमवर्गीय घुसतात, जुनी घरं डागडुजी करून झकपक करतात, भाडी चढतात, कामगार बाहेर. वाचलं तेव्हा वाटलं, लंडनवाल्यांचं एका अर्थी बरं. त्यांच्या जागी निदान कोणीतरी राहायला तरी आलं. आमच्या जागी आलेला माणूस दोन रात्री राहतो आणि चेकआउट सकाळी दहाला.

माई २०१६ ला गेल्या. तेराव्याला पंगतीत बाबाच वाढत होते.

१६ मे २०२१ चं तौक्ते वादळ मालवणातल्या कोणालाही विचारा. सकाळपासून वारा, दुपारी माड अक्षरशः वेण्यांसारखे पिळले जात होते. आमच्या घराची पुढची बाजू माडाने वाचवली आणि मागची माडानेच मारली. पडवीवर पडला. रात्रभर आई-बाबा माईंच्या देवघरात बसून होते. सकाळी पाहिलं तर स्वयंपाकघरावर आभाळ. लॉकडाऊनचे दिवस, मुंबईहून कोणी येऊ शकत नव्हतं, कित्येक दिवस वीज नव्हती आणि कौलं मिळत नव्हती. ७४ वर्षांच्या माझ्या बाबांनी कुठून कुठून कौलं जमवली. दोन गडी, एक सुतार, वासे, रिपा. दादाने मुंबईहून १५ हजार पाठवले. बाकीचे बाबांनी ठेव मोडून घातले. आणि प्रत्येक गोष्टीचं बिल घेतलं, तारीखवार लावलं, एका पिशवीत घातलं. कंडक्टर ना!

एक जागा तरी राहिलीच. चुलीच्या वर, तिसऱ्या वाशाकडे, जिथे पडवीचं छप्पर मुख्य छपराला मिळतं. ती आधीही गळायची. आई दर जूनमध्ये तिथे एक टोप ठेवायची. कुठे ठेवायचा ते तिला पाठ होतं. कोब्यावर टोपाच्या बुडाचं वर्तुळ उमटलं होतं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर दादा आला. एकटाच. मी तेव्हा मुद्दाम कुडाळहून गेले होते, कारण फोनवरचा त्याचा आवाज मला ठीक वाटला नव्हता. चहा झाला. तो बराच वेळ मुंबईचं बोलत राहिला. चाळ पडली, टॉवर झाला, चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. मेंटेनन्स भरता भरता जीव जातो. कंपनीने त्याला पन्नाशीतच घरी बसवलं होतं. मुलगी शिकतेय. मग म्हणाला, "काका, घर आम्हाला लागणार. होमस्टे करायचा विचार आहे. माझी काही इच्छा नाही असं, पण..."

बाबा म्हणाले, "घर तुझांच आसा."

त्या अवघडलेपणातून सुटायला असेल, किंवा त्याला खरंच अभिमान असेल म्हणून, दादाने चाळीच्या लढाईची गोष्ट काढली. बिल्डर कसा फसवत होता, मालकाने कसं कानावर हात ठेवले, आणि शेवटी कशामुळे जिंकलो. उठून बॅगेतून फाईल आणली. वकिलाकडून नुकतीच परत घेतलेली. खळ्यात, वृंदावनाच्या कठड्यावर ठेवून उघडली. आत प्लॅस्टिकच्या पाकिटांत भाडेपावत्या. पहिली १९५८ ची, गुलाबी कागद, जांभळी शाई, रेव्हेन्यू स्टॅम्पवर तिरकी सही. महिनेवार. एकही महिना चुकलेला नाही. संपाच्या काळातल्यासुद्धा. "बाबांनी पोटाला चिमटा काढून भाडं भरलं, पण पावती सोडली नाही," दादा म्हणाला. "ते सांगायचे, खोली आपली नसते रे, पावती आपली असते."

आणि मग तो थांबला.

माझे बाबा चष्मा कपाळावर सारून एक-एक पावती बघत होते. व्यावसायिक कौतुकाने. एका पावतीवरचा खाडाखोड केलेला आकडा त्यांनी बोटाने दाखवला, त्यावर सही नव्हती. "हय सही व्हयी होती," म्हणाले. दादाने फाईल मिटली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. आत आईने कुकरची शिट्टी काढल्याचा आवाज आला.

मी वकिलाकडे गेले होते, हे बाबांना नंतर सांगितलं. वकील भला माणूस. म्हणाला, कलमं मागाहून बघू, आधी पुरावा दाखवा. भाडेपावती? नाही. वास्तविक १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यात पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, पण ती मागायला तोंड लागतं. लाइटबिल? माईंच्या यजमानांच्या नावाने. रेशनकार्ड, मतदारयादी, गॅसचं पुस्तक, एवढं होतं. आणि ती कौलांची बिलं. बिलं बघून वकिलाचा चेहरा उजळला. "ही काम करतील. स्वतःच्या पैशाने घर दुरुस्त करणारा पाहुणा कोणी बघितलाय?"

बाबांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. "माईच्या घरार केस?" एवढंच. जिच्या तेराव्याला वाढलं तिच्या घरावर. मला राग आला होता, अजूनही येतो, पण कोणावर ते नेमकं सांगता येत नाही. आम्हाला कायद्याने काढलं नाही, गुंडांनी काढलं नाही. आम्हाला भिडेने काढलं. मुंबईत मालक आणि भाडेकरू एकमेकांचे कोणी नव्हते, म्हणून दादाच्या वडिलांकडे ६० वर्षांचे कागद होते. आमच्यात माया होती. तिचा पुरावा कोर्टात कसा देतात?

घर सोडलं त्या दिवशी दादाने बाबांच्या हातात पाकीट ठेवलं. ७५ हजार. "राहू दे काका, तुमचं आहे ते." बाबांनी तिथेच उभ्याने मोजले, अंगठा जिभेला लावून, सवयीने. पुन्हा एकदा मोजले. मग दादाकडे बघून विचारलं, "पावती देव काय?"

टोमणा नव्हता हो. शप्पथ सांगते. त्या माणसाला टोमणा मारता येत नाही.

दादा काही बोलला नाही. बाबांनी मग कौलांच्या बिलांची पिशवी काढून त्याला दिली. "घराची बिलां घरात रवांदेत. खंयचा कौल खंय बसवला ता मागे लिवलंय."

आता आई-बाबा कुंभारमाठला राहतात, एका इमारतीत पहिल्या मजल्यावर, अकरा महिन्यांच्या करारावर. नोंदणी केलेला, अंगठ्याचे ठसे, फोटो, सगळं. बाबा तो करार प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात. आई म्हणते इथे तिन्हीसांज कळत नाही, समोर भिंत आहे. मासे आणायला बाबा रिक्षाने बाजारात उतरतात आणि परत येताना एसटीने.

एक गोष्ट लिहायची राहिली तर ती लबाडी होईल. कुडाळला स्टेशनच्या बाजूला माझी एक छोटी सदनिका आहे, कर्ज काढून घेतलेली. त्यात एक परिचारिका राहते. तिच्या भाड्यातून आई-बाबांचं भाडं निघतं. मागच्या करारात मी आठशे रुपये वाढवले, कारण आई-बाबांच्या मालकाने हजार वाढवले होते. ती काही बोलली नाही. "ताई, तुम्ही घरच्यासारख्या आहात," म्हणाली. मी तिला त्याच दिवशी पावतीपुस्तक आणून पावती फाडून दिली. ती जरा बावरली.

जुनं घर मी एकदाच ॲपवर पाहिलं. फोटो सुंदर आहेत. जांभा घासून काढलाय, चिऱ्यांमधल्या सांध्यांना पांढरी रेघ, वृंदावनावर दिव्यांची माळ. आमची खोली 'हेरिटेज रूम', एका रात्रीचे ३२०० रुपये. मागली पडवी ओळखू येत नाही, चुलीच्या जागी पलंग, कोब्यावर टाइल. एका पाहुण्याने लिहिलंय, घराला छान 'घरपण' आहे. संध्याकाळी केअरटेकर पोरगा दिवा लावतो, त्याचाही फोटो आहे.

गेल्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात दादाचा फोन आला. माझ्याकडे नाही, बाबांकडे. हेरिटेज रूममध्ये पलंगावर पाणी गळतंय, दोन गडी चढवले, दोघांना सापडत नाही. बिलांच्या मागे लिहिलेलं त्याला लागत नव्हतं. बाबा ७८ वर्षांचे. आई नको म्हणत होती, मीही फोनवर ओरडले. ते छत्री घेऊन रिक्षाने गेले. दुपारी भिजून परत आले, अंग पुसलं, चहा मागितला.

"कौल नाय," म्हणाले. "रीप कुजली हा, तिसऱ्या वाशाकडची. दाखवलंय तेका."

आईने चहा दिला. थोड्या वेळाने विचारलं, "बादली खंय ठेवलेली तेंनी?"

"भलतीकडेच," बाबा म्हणाले. "मी सरकवन इलंय."